नळीतली लाळ कोणाची?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचे विषय संपले, चहा आला, आणि एका आजींनी मध्येच विचारलं, "अगं पोरींनो, माझं रक्त गेलं कुठं?" सगळ्या हसल्या. आजी मात्र हसत नव्हत्या. वर्षभरापूर्वी शाळेच्या व्हरांड्यात बाहेरून आलेल्या लोकांनी तपासणीचं शिबिर घेतलं होतं. रक्त काढलं, आधार नंबर आणि मोबाइल नंबर लिहून घेतला, छापील कागदावर सह्या-अंगठे घेतले आणि हातात बिस्किटांचा पुडा दिला. रिपोर्ट आठ दिवसांत मिळेल असं सांगून गेले. तो आजपर्यंत आला नाही.

आजींच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही मान खाली घातली. कारण त्या दिवशी घरोघरी जाऊन बायांना बोलावणाऱ्या आम्हीच होतो. रांग लावणाऱ्या आम्हीच, आणि अंगठा कुठे उठवायचा ते दाखवणाऱ्याही आम्हीच. त्या कागदावर काय छापलं होतं, ते आमच्यातल्या एकीनंही वाचलं नव्हतं.

म्हणून आज एक गोष्ट सांगायची आहे. ती सातासमुद्रापलीकडची, अमेरिकेतली आहे, पण तिच्यातला प्रश्न आजींचाच आहे. तिकडे दीड कोटी माणसांनी एका कंपनीला आपली लाळ नळीत भरून पाठवली, आणि एक दिवस त्यांना विचारावं लागलं, की आता ती लाळ आणि तिच्यातली माहिती कोणाची? ही कंपनी ज्या बाईंनी उभी केली, त्यांचं नाव अ‍ॅन वोजिस्की. पैशाच्या धंद्यातून आरोग्याच्या धंद्यात आलेल्या या बाईंचा प्रवास आपण समजून घेऊ. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखंही.

अ‍ॅनबाईंचा जन्म १९७३ सालचा. कॅलिफोर्निया राज्यातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात त्या वाढल्या. वडील स्टॅनली मूळचे पोलंडचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आई एस्थर शाळेत पत्रकारिता शिकवायच्या. घरात तिघी बहिणी. थोरल्या सुझनबाईंनी १९९८ मध्ये आपल्या घराचं गॅरेज, म्हणजे गाडी ठेवायची जागा, दोन तरुणांना भाड्याने दिली. त्या दोघांनी तिथे गुगल कंपनी उभारली. सुझनबाई स्वतः पुढे यूट्यूबच्या प्रमुख झाल्या. मधल्या जॅनेटबाई संशोधक झाल्या. अ‍ॅन सगळ्यांत धाकट्या. तीन मुलींना शिकवलं तर काय होतं, याचं हे घर म्हणजे उदाहरणच म्हणा ना.

अ‍ॅनबाईंनी येल विद्यापीठातून १९९६ मध्ये जीवशास्त्राची पदवी घेतली. पण त्या प्रयोगशाळेत राहिल्या नाहीत. त्या गुंतवणूक कंपन्यांमध्ये नोकरीला लागल्या. गुंतवणूक कंपनी म्हणजे काय, ते आपल्याला कळायला अवघड नाही. आपण गटात दर महिन्याला बचत गोळा करतो आणि कोणाच्या शेळीपालनाला, कोणाच्या पिठाच्या गिरणीला कर्ज द्यायचं ते ठरवतो. या कंपन्या मोठ्या माणसांचे आणि मोठ्या संस्थांचे पैसे गोळा करतात आणि कोणत्या धंद्यात घालायचे ते ठरवतात. त्यासाठी प्रत्येक धंद्याची नाडी ओळखणारी माणसं लागतात. अ‍ॅनबाईंकडे आरोग्याचं क्षेत्र होतं. कोणती औषध कंपनी पुढे जाईल, कोणतं नवं औषध चालेल, कुठे पैसे लावावेत, हे सांगायचं त्यांचं काम.

हे काम करताना त्यांनी अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आतून पाहिली. तिकडे उपचार फार महाग. बराचसा खर्च विम्यातून जातो. दवाखाना बिल लावतो, विमा कंपनी ते कापते, औषध कंपनी भाव ठरवते. या सगळ्यांच्या हिशेबात रुग्ण कुठेच नसतो, असं त्यांना दिसलं. माणूस आजारी पडला की सगळ्यांची कमाई होते आणि तो निरोगी राहिला तर कोणाचीच होत नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवलं आहे. व्यवस्था आत बसून बदलणार नाही, माणसाच्या हातातच त्याच्या शरीराची माहिती दिली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

त्यातून २००६ मध्ये लिंडा एव्ही आणि पॉल कुसेन्झा या दोन जोडीदारांबरोबर त्यांनी कंपनी काढली. नाव ठेवलं 'ट्वेंटीथ्री अँड मी', म्हणजे 'तेवीस आणि मी'. हे तेवीस कुठून आलं? आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. त्यांच्यावर शरीराचा सगळा आराखडा लिहिलेला असतो. डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण, आणि काही आजारांचा धोकासुद्धा.

आपल्याकडच्या बायांना हे सिकलसेलवरून चटकन कळेल. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत आणि विदर्भात अनेक घरांत हा आजार आहे. त्यात 'वाहक' हा शब्द आपण ऐकतो. वाहक बाई बहुधा ठणठणीत असते, तिला स्वतःला आजाराचा त्रास नसतो. पण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता मूल आजारी निघण्याची, चारांत दोन शक्यता ते वाहक निघण्याची आणि चारांत एक शक्यता ते दोन्हींतून सुटण्याची असते. म्हणजे आजार दिसत नसला तरी आराखड्यात लिहिलेला असू शकतो. तो आराखडा आधीच वाचता आला, तर लग्नाच्या वेळी, बाळंतपणाच्या वेळी शहाणपणाने ठरवता येतं. अ‍ॅनबाईंची कल्पना याच जातीची होती. फक्त त्यांना ती एका आजारापुरती ठेवायची नव्हती.

कंपनीची पद्धत सोपी होती. टपालाने एक डबी घरी येते. तिच्यात एक नळी. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, परत पाठवायचं. प्रयोगशाळेत लाळेतल्या पेशींमधून आराखड्याचा काही भाग वाचला जातो आणि काही आठवड्यांनी अहवाल मिळतो. तुमचे पूर्वज कुठले, अमुक आजाराचा धोका किती, तुमचे दूरचे नातेवाईक कोण. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही.

२००७ मध्ये या तपासणीची किंमत होती ९९९ डॉलर, तेव्हाच्या भावाने जवळजवळ चाळीस हजार रुपये. पुढच्याच वर्षी ती ३९९ डॉलरवर आली. २००८ मध्ये 'टाइम' या प्रसिद्ध साप्ताहिकाने या तपासणीला वर्षातला सर्वोत्तम शोध म्हणून निवडलं. न्यूयॉर्कमध्ये बड्या लोकांच्या 'थुंकण्याच्या पार्ट्या' झाल्या. आपल्याकडे जिथे तिथे थुंकू नका म्हणून पाट्या लावतात, तिकडे थुंकण्याचं आमंत्रण! गुगलनेही कंपनीत पैसे घातले. गुगल उभारणाऱ्या दोघांपैकी सर्गेई ब्रिन यांच्याशी अ‍ॅनबाईंनी २००७ मध्ये लग्न केलं होतं. २०१५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. २०१२ च्या अखेरीस तपासणीची किंमत ९९ डॉलरवर आली आणि लाखो लोक नळ्या भरून पाठवू लागले.

इथे आपल्यातली कोणीही हिशेबी बाई विचारेल, की इतक्या स्वस्तात देऊन कंपनीला उरत काय होतं? बरोबर प्रश्न आहे. माणूस ही तपासणी आयुष्यात एकदाच करतो. भाजीवालीकडे गिऱ्हाईक रोज येतं, इथे एकदा आलेलं परत येत नाही. मग कमाईचा दुसरा रस्ता शोधावा लागला. तो होता माहितीचा. ग्राहकाला विचारलं जायचं, की तुमची माहिती नाव काढून टाकून संशोधनासाठी वापरली तर चालेल का? दर पाचांतले सुमारे चार जण हो म्हणायचे. लाखो माणसांचे आराखडे आणि त्यांच्या आजारांची माहिती एकत्र आली, की औषध कंपन्यांना नवं औषध शोधायला तिचा मोठा उपयोग होतो. २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने अ‍ॅनबाईंच्या कंपनीत ३० कोटी डॉलर घातले. विकायचं दुकान डबीचं होतं, पण खरी ठेव माहितीची होती.

संशोधनाला माहिती देणं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. माणसांनी माहिती दिली नाही तर औषधं निघणारच नाहीत. पण आपण काय देतोय आणि त्यातून कोण काय मिळवतोय, हे देणाऱ्याला उमगलं पाहिजे. डबी विकत घेतानाच्या लांबलचक अटी किती जण वाचतात? आम्ही तर पानभर छापील कागदही वाचला नव्हता.

सगळं सुरळीत चाललेलं असताना २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला कडक पत्र पाठवलं. आजाराचा धोका सांगणारी तपासणी हे वैद्यकीय साधन आहे, त्याला आमची मंजुरी नाही, विक्री थांबवा. प्रशासनाचं कारण आपण नीट ऐकू. बीआरसीए नावाची दोन जनुकं आहेत. त्यांच्यात दोष असला तर बाईला स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो. समजा अहवाल चुकून 'दोष आहे' म्हणाला, तर बाई घाबरून नको ती शस्त्रक्रिया करून घेईल. चुकून 'दोष नाही' म्हणाला, तर ती गाफील राहील. दोन्हीकडून जीव बाईचाच जाणार.

अ‍ॅनबाईंनी या धक्क्यानंतर काम बंद केलं नाही. आरोग्याचे नवे अहवाल थांबवले, पुरावे गोळा केले, पुन्हा दारात गेल्या. २०१५ मध्ये ब्लूम सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ आजाराची वाहक-तपासणी मंजूर झाली. २०१७ मध्ये दहा आजारांच्या धोक्याचे अहवाल थेट ग्राहकाला द्यायची परवानगी मिळाली. २०१८ मध्ये बीआरसीएच्या तीन दोषांची तपासणीही मंजूर झाली. नियमाला वळसा घालायचं सोडून नियमातून वाट काढली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पण त्या मंजुरीतही एक मोठी मेख होती, आणि ती प्रशासनाने स्वतःच बजावून सांगितली. बीआरसीएमधले दोष हजाराहून जास्त प्रकारचे आहेत. ही तपासणी त्यातले फक्त तीन पाहते, आणि तेही मुख्यतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांमध्ये आढळणारे. म्हणजे 'दोष सापडला नाही' असा अहवाल आला, तरी धोका नाही असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांमध्ये असा वंशातून आलेला दोष नसतोच. तपासणीने काय पाहिलं यापेक्षा काय पाहिलं नाही, हे विचारणं जास्त महत्त्वाचं. छातीत गाठ लागली, तर कोणत्याही डबीचा अहवाल काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जायचंच.

आता गोष्ट पुन्हा पैशाकडे वळते. कंपनीला सगळ्या काळात एकाही वर्षी नफा झाला नव्हता. तरी २०२१ च्या जूनमध्ये ती शेअर बाजारात उतरली. उतरायची पद्धतही वेगळी होती. रिचर्ड ब्रॅन्सन या इंग्लंडच्या उद्योगपतींच्या समूहाने आधीच एक रिकामी कंपनी बाजारात आणून लोकांकडून पैसे गोळा केले होते. तिच्याकडे स्वतःचा धंदा नव्हता, चालू धंदा शोधून त्यात विलीन व्हायचं, एवढंच तिचं काम. म्हणजे आधी वर्गणी गोळा करायची आणि मग कशाचा धंदा करायचा ते शोधायचं! अ‍ॅनबाईंची कंपनी तिच्यात विलीन झाली. किंमत ठरली ३५० कोटी डॉलर. एका टप्प्यावर ती ६०० कोटींच्या आसपासही गेली. बातम्यांमध्ये अ‍ॅनबाई अब्जाधीश म्हणून झळकल्या.

त्याच वर्षी कंपनीने ४० कोटी डॉलरला लेमनेड हेल्थ ही ऑनलाइन डॉक्टर आणि औषधसेवा देणारी कंपनी विकत घेतली. शिवाय स्वतःची औषधं शोधायलाही पैसा ओतला. इकडे डबीची विक्री मंदावत होती. उत्पन्न कमी, खर्च जास्त. आपल्या गटात एखादी ताई एक म्हैस नीट सांभाळता येत नसताना आणखी दोन म्हशींसाठी कर्ज मागते, तेव्हा आपण तिला थांबवतो. इथे कोणी थांबवलं नाही.

का थांबवलं नाही, याचंही कारण होतं. आपल्या गटात एक बाई, एक मत. अध्यक्ष असो की नवी सदस्य. या कंपनीत शेअर दोन प्रकारचे होते. लोकांकडच्या शेअरला एक मत, तर अ‍ॅनबाईंकडच्या खास शेअरला दहा मतं. त्यामुळे एकूण मतांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या त्यांच्या हातात होती. त्यांना विरोध करणं संचालकांना अवघडच. ज्या बाई 'माहितीची सत्ता सामान्य माणसाच्या हातात' म्हणत निघाल्या होत्या, त्यांच्या कंपनीत निर्णयाची सत्ता मात्र एकाच हातात राहिली.

मग २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. कंपनीची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. चोरांनी केलं काय? दुसरीकडून चोरलेले पासवर्ड इथे लावून पाहिले. जे लोक सगळीकडे एकच पासवर्ड वापरत होते, अशी सुमारे १४ हजार खाती उघडली. पण नातेवाईक शोधायच्या सोयीमुळे एका खात्यातून शेकडो नातेवाइकांची माहिती दिसत होती. त्या दोरीला धरून चोर ६९ लाख माणसांच्या माहितीपर्यंत पोहोचले. ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या करून इंटरनेटवर विकायला काढल्या. एकाचं दार उघडं राहिलं आणि आख्ख्या गल्लीत चोर शिरला.

हीच या माहितीची खुबी आहे, मैत्रिणींनो. एटीएमचा पिन चोरीला गेला तर बदलता येतो. आराखडा बदलता येत नाही. आणि तो एकटीचा नसतोच. आईचा आणि मुलीचा निम्मा सारखा, सख्ख्या बहिणींचाही साधारण निम्मा सारखा. एका बहिणीने नळी भरली, तर न विचारता दुसरीचीही निम्मी माहिती गेली.

अमेरिकेत दवाखान्याच्या कागदपत्रांची गुप्तता राखणारा कायदा आहे. पण तो डॉक्टर, दवाखाने आणि विमा कंपन्यांना लागू होतो. लोकांना थेट डबी विकणारी कंपनी त्यात बसत नव्हती. २००८ चा दुसरा एक कायदा आराखडा पाहून नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारायला मनाई करतो, पण आयुर्विम्याला तो लागू नाही. म्हणजे कायद्याच्या कुंपणाला भोकं होती.

चोरीनंतर ग्राहकांनी खटले भरले, आणि २०२४ मध्ये ३० कोटी नव्हे, ३ कोटी डॉलर भरपाईची तडजोड झाली. शेअरची किंमत एका डॉलरच्याही खाली गेली होती. त्या उन्हाळ्यात अ‍ॅनबाईंनी सगळे शेअर ४० सेंटला एक, म्हणजे अर्ध्या डॉलरहूनही कमी भावाने, स्वतः विकत घ्यायची तयारी दाखवली. संचालकांच्या समितीने ती नाकारली. ऑगस्टमध्ये थोरल्या बहिणीचं, सुझनबाईंचं, फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झालं. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या सातही स्वतंत्र संचालकांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. संचालक मंडळात अ‍ॅनबाई एकट्या उरल्या. नोव्हेंबरमध्ये ४० टक्के कर्मचारी कमी केले, औषध शोधायचं कामही बंद केलं.

२३ मार्च २०२५ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अ‍ॅनबाईंनी प्रमुखपद सोडलं. आणि मग तो प्रश्न उभा राहिला, जो आमच्या आजींनी विचारला होता. दिवाळखोर कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवतात. टेबलं विकतात, यंत्रं विकतात. पण या कंपनीची सगळ्यांत मोलाची मालमत्ता होती दीड कोटी माणसांची माहिती. ती लिलावात काढायची?

कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी लोकांना जाहीर आवाहन केलं, की आपली माहिती पुसून टाका, नमुना नष्ट करायला सांगा. पुढच्या काही महिन्यांत सुमारे १९ लाख लोकांनी तशी मागणी केली. मे महिन्यात रिजेनेरॉन या औषध कंपनीची २५ कोटी ६० लाख डॉलरची बोली सर्वांत मोठी ठरली. तेवढ्यात अ‍ॅनबाई पुन्हा पुढे आल्या. या वेळी त्यांनी ना-नफा तत्त्वावरची एक संस्था काढली होती. तिच्यातर्फे त्यांनी ३० कोटी ५० लाख डॉलरची बोली लावली. २७ राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टनने न्यायालयात धाव घेतली, की माणसाला स्पष्ट विचारल्याशिवाय त्याच्या शरीराची माहिती विकता येणार नाही. शेवटी २७ जूनला न्यायालयाने अ‍ॅनबाईंच्या संस्थेला विक्री मंजूर केली. जुनी गुप्ततेची वचनं पाळायची आणि माहिती पुसायचा हक्क ग्राहकाला कायम ठेवायचा, हे त्या संस्थेने कबूल केलं. जुलैमध्ये व्यवहार पूर्ण झाला. ज्या कंपनीची किंमत एकेकाळी ६०० कोटी होती, ती तिच्या निर्मातीकडेच ३० कोटींना परत आली.

आता या बाईंना काय म्हणावं? आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाली, लबाड. दुसरी म्हणाली, नाही, जिद्दी. आम्हाला वाटतं, हेतू चांगला होता आणि हिंमत मोठी होती. पण हेतू चांगला असला तरी वही स्वच्छ ठेवावी लागते. आपल्या गटातही सचिव कितीही भली असली, तरी इतिवृत्त लिहायचंच, हिशेब सगळ्यांसमोर वाचायचाच. कारण उद्या ती सचिव नसेल, कदाचित गटही नसेल, पण वहीत लिहिलेलं राहील. लोकांनी विश्वास अ‍ॅनबाईंवर ठेवला होता. माहिती मात्र कंपनीच्या नावावर होती. आणि कंपनी विकली जाऊ शकते.

आपल्याकडे आता काय चाललंय तेही पाहू. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं आहे. आरोग्याच्या नोंदी मोबाइलवर ठेवणारा 'आभा' क्रमांक आला आहे. ही कामं चांगली आहेत, गरजेची आहेत. सिकलसेलची तपासणी टाळू नका, असंच आम्ही सांगू. आणि त्याच २०२३ मध्ये संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मंजूर केला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना मराठीत मागायचा आपल्याला हक्क आहे. दुसरी, दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

आमच्या ग्रामसंघाने या चर्चेनंतर एक ठराव लिहिला. गावात कोणतंही शिबिर आलं, तर बाया गोळा करण्याआधी आम्ही पाच प्रश्न विचारणार. नमुना कशासाठी घेताय? तो कुठे जाणार? माहिती आणखी कोणाला देणार? रिपोर्ट कोण, कधी आणून देणार? आणि आम्हाला नको वाटलं, तर नमुना नष्ट करायला कोणाला सांगायचं? उत्तरं कागदावर मराठीत घ्यायची, त्यावर त्यांची सही आणि फोन नंबर. कागद मोठ्याने वाचल्याशिवाय एकही अंगठा उठणार नाही. प्रत्येक कागदाची एक प्रत ग्रामसंघाच्या कपाटात राहील.

त्या जुन्या शिबिराचं काय? कागदावरचा एक नंबर एका ताईच्या मोबाइलमध्ये सापडला. आम्ही फोन केला, कोणी उचलला नाही. मग आजींच्या आणि बाकीच्या बायांच्या सह्यांचा अर्ज लिहिला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला. पोच घेतली. उत्तर आलं नाही, पण आम्ही दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारतो.

आजी या वेळी बैठकीला आल्या, तेव्हा त्यांनी ठराव वाचून दाखवायला सांगितला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या येळी बिस्किट नंतर घेईन. आधी कागद."

तुमच्या गावातही असं शिबिर झालं असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा.